खटला कुठे थांबायला हवा होता?

विल्यम शेक्सपिअरचं 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' हे नाटक तुमच्यापैकी अनेकांना शाळेत असेल. काहींनी ते नीट अभ्यासलं असेल, काहींनी नुसती गोष्ट ऐकली असेल. पण त्यातला एक भाग जवळजवळ सगळ्यांना माहीत असतो. एक सावकार कर्जाच्या बदल्यात माणसाच्या अंगाचं मांस मागतो. मग हुशार पोर्शिया वकिलाच्या वेषात येते आणि अशी युक्ती काढते की सावकाराला काहीच करता येत नाही. व्यापारी वाचतो, सावकार हरतो, टाळ्या पडतात.

बहुतेक वेळा आपण पुस्तक तिथेच मिटतो. पण खटला तिथे संपत नाही बरं का! पोर्शियाची युक्ती चालल्यानंतरही तो पुढे सुरूच राहतो. नाटकातला सगळ्यात अवघड प्रश्न मला त्या पुढच्या भागात दिसतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे वाचताना तुम्हाला ते तपासून बघता येईल. शायलॉकची मागणी चुकीची होती, यात शंका नाही. पण ती फेटाळल्यावर न्यायालयाने त्याच्याशी जे केलं, त्यालाही न्याय म्हणता येत नाही. तोसुद्धा सूडच होता, फक्त त्यावर सरकारी शिक्का होता.

करार काय होता?

आधी गोष्ट आठवूया. व्हेनिसमधल्या बसानिओला पोर्शियाशी लग्न करायचं आहे. ती बेलमाँटला राहते, श्रीमंत आहे. तिच्याकडे जायचं तर थाटामाटात जायला हवं आणि बसानिओच्या खिशात तर पैसे नाहीत. तो आपला मित्र अँटोनिओ याच्याकडे मदत मागतो. अँटोनिओ मोठा व्यापारी, पण त्याची सगळी संपत्ती जहाजांवर, दूर समुद्रात आहे. म्हणून तो शायलॉक नावाच्या ज्यू सावकाराकडून 3000 डुकाट कर्ज घेतो. डुकाट म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं. मुदत तीन महिन्यांची.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. या कर्जाला व्याज नाही! फक्त मुद्दल, म्हणजे घेतलेली मूळ रक्कम परत करायची. शायलॉक म्हणतो, आपण गंमत म्हणून एक अट घालू. पैसे वेळेवर परत आले नाहीत, तर अँटोनिओच्या अंगाचं एक पौंड मांस मी कापून घेईन. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. बसानिओला ही अट मुळीच आवडत नाही. पण अँटोनिओ हसत हसत सही करतो. मुदत संपायच्या एक महिना आधीच आपली जहाजं परत येतील, अशी त्याला खात्री असते.

म्हणजे बघा, व्याज हे सावकाराचं उत्पन्न. तेच इथे शायलॉक सोडून देतो. जो सावकार व्याज सोडतो, त्याला पैशांपेक्षा वेगळं काहीतरी हवं असतं. आणि शायलॉकला काय हवं आहे, हे तो प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवतो. अँटोनिओवरचा जुना राग त्याला कधीतरी बाहेर काढायचा आहे. कागदावर ते कर्ज होतं, पण शायलॉकच्या मनात पहिल्या दिवसापासून सूड होता.

शायलॉक सावकार का होता?

शायलॉकला समजून घ्यायचं असेल, तर त्याच्या काळात थोडं डोकवावं लागेल. हे नाटक 1596-97 च्या सुमारास लिहिलं गेलं आणि 1600 मध्ये पुस्तकरूपात छापलं गेलं. त्या आधी कित्येक शतकं युरोपात ख्रिस्ती धर्मसंस्थेने व्याज घेणं हे पाप ठरवलं होतं. पण व्यापार तर कर्जाशिवाय चालत नाही! मग ते काम कोणी करायचं? अनेक शहरांमध्ये ज्यू लोकांना जमीन घ्यायला किंवा कारागिरांच्या संघात शिरायला बंदी होती. त्यांच्यासाठी थोडेच धंदे मोकळे ठेवलेले होते आणि सावकारी हा त्यांपैकी एक होता.

व्हेनिसमध्ये 1516 साली सरकारने सगळ्या ज्यू लोकांना शहरातल्या एका वस्तीत राहायला भाग पाडलं. रात्री त्या वस्तीचे दरवाजे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगारही ज्यू लोकांनाच द्यावा लागे. त्या भागाचं नाव घेट्टो. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द तिथूनच आला. तिथल्या लोकांना मुख्यतः जुन्या वस्तूंचा व्यापार, वैद्यकी आणि सावकारी एवढीच कामं करता येत. म्हणजे शहराला त्यांचे पैसे हवे होते, पण ते लोक शेजारी नको होते. नाटकात घेट्टोचं नाव कुठेही येत नाही, पण ती वागणूक पानोपानी दिसते.

आणि शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये काय होतं? तिथून तर 1290 मध्येच ज्यू लोकांना देशाबाहेर काढलं होतं. त्यामुळे नाटक बघायला येणाऱ्या बहुतेकांना ज्यू शेजारी कधी मिळालाच नव्हता. व्याज मात्र इंग्लंडमध्ये जोरात चालू होतं! ते घेणारे अर्थातच ख्रिस्ती होते. 1571 च्या कायद्यानंतर तर शेकडा दहापर्यंत व्याज सरकार चालवून घेत असे. खुद्द शेक्सपिअरच्या वडिलांवर, जॉन शेक्सपिअर यांच्यावर, 1570 मध्ये बेकायदा व्याज घेतल्याचे आरोप झाले होते. तेव्हा 'व्याज खाणारा तो दुसरा, आपण नाही' ही समजूत किती सोयीची होती, ते तुमच्या लक्षात येईल.

इथे आपल्या मराठी लोकांना एक गोष्ट सहज आठवावी. कोकणात शेकडो वर्षांपासून बेने इस्राएल हा ज्यू समाज राहत आला आहे. घरात मराठी बोलणारा. त्यांतल्या अनेकांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पुढे या समाजातले पुष्कळ लोक इस्राएलला गेले आणि मराठीही सोबत घेऊन गेले. धर्म तोच, पण कोकणात तेलाचा घाणा आणि व्हेनिसमध्ये सावकारी. मग सावकारी ज्यू माणसाच्या रक्तात होती, की कायद्याने त्याच्या हातात दिली होती? उत्तर तुमचं तुम्हीच द्या.

राग कुठून आला?

अँटोनिओ नाटकात सज्जन माणूस आहे. मित्रासाठी जीव द्यायला तयार असतो. पण हाच माणूस शायलॉकशी कसा वागतो? भर बाजारात तो त्याला कुत्रा म्हणतो, त्याच्यावर थुंकतो. शिवाय स्वतः बिनव्याजी कर्ज देऊन त्याचा धंदाही बुडवतो. नवल म्हणजे कर्ज मागायला आल्यावरही त्याचा आवाज खाली येत नाही. यापुढेही मी तुझ्यावर थुंकेन, मित्राला देतोस असं समजून पैसे देऊ नकोस, वैऱ्याला देतोयस असंच समज, अशा अर्थाचं तो बोलतो. गरज कोणाला आहे आणि तोरा कोणाचा आहे, बघा.

त्यानंतर शायलॉकच्या घरावरच घाव बसतो. त्याची मुलगी जेसिका लोरेंझो नावाच्या ख्रिस्ती तरुणाबरोबर पळून जाते. जाताना वडिलांचे पैसे आणि दागिने घेऊन जाते. त्यात एक अंगठी असते, लग्नाआधी लीआने शायलॉकला दिलेली. जेसिकाने ती देऊन एक माकड विकत घेतलं, असं शायलॉकच्या कानावर येतं. शायलॉक कंजूष आहे, मुलीपेक्षा त्याला पैशांचं दुःख जास्त आहे, असं म्हणून लोक त्याची टिंगल करतात. पण त्या अंगठीबद्दल तो जे बोलतो, ते जरूर वाचा. ती त्याने माकडांचं अख्खं रान मिळालं तरी दिली नसती. तिची किंमत त्याच्या लेखी पैशांत नव्हतीच.

याच प्रसंगात त्याचं प्रसिद्ध भाषण येतं. आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत, आम्हालाही दुखतं, हे तो पटवून देतो. शाळेत आपण एवढाच भाग ऐकतो आणि आपले डोळे भरून येतात. पण भाषणाचा शेवट वेगळा आहे. आपण सारखे आहोत, तर सूड घेण्यातही सारखेच असू, आणि हा धडा मी तुमच्याकडूनच शिकलो, असा त्याचा निष्कर्ष आहे. इथे मला शायलॉकचं म्हणणं पटत नाही. त्याचा अपमान खरा होता, त्याचं दुःखही खरं होतं. पण सगळ्या व्हेनिसने केलेल्या अपमानाचा हिशेब एका माणसाच्या छातीतून वसूल करता येत नाही. अन्याय झाला म्हणून माणसाला अन्याय करायचा परवाना मिळत नाही.

न्यायालयात

मुदत संपते. अँटोनिओची जहाजं बुडाल्याच्या बातम्या येतात. शायलॉक कर्जखत घेऊन न्यायालयात उभा राहतो. कर्जखत म्हणजे कर्जाचा लेखी करार. बसानिओ दुप्पट पैसे देऊ करतो, म्हणजे 6000 डुकाट. शायलॉक नाही म्हणतो. तुम्ही विकत घेतलेल्या गुलामांना तुमची मालमत्ता समजता ना, मग हे मांसही मी विकत घेतलेलं आहे, असा त्याचा सवाल असतो. हा सवाल भयंकर आहे, पण सभेत त्याला कोणी उत्तर देत नाही, हेही खरं.

मग व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे ड्यूक, हा करार सरळ रद्द का करत नाही? याचं उत्तर अँटोनिओनेच आधी देऊन ठेवलेलं आहे. व्हेनिस व्यापारावर जगतं, तिथे सगळ्या देशांचे लोक येतात. परक्या माणसाला कायद्याने दिलेला हक्क नाकारला, तर शहरावर कोणाचा विश्वास राहील? कायदा सगळ्यांना सारखा, हीच व्हेनिसची पत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोर्शिया येते. ती आधी शायलॉकला दया दाखवायला सांगते. दया कोणी सक्तीने करत नाही, ती मनातून येते, असं ती सुंदर शब्दांत समजावते. शायलॉक ऐकत नाही. मग ती कर्जखताचा अर्थ त्याच्यापेक्षाही काटेकोर लावते. करारात मांस लिहिलं आहे, रक्त नाही. वजनही बरोबर एक पौंड, केसभरही कमी-जास्त नको.

शायलॉक गडबडतो. म्हणतो, बरं, तिप्पट पैसे द्या. पोर्शिया नाही म्हणते. मग माझं मुद्दल तरी द्या. बसानिओ पैसे हातात घेऊन तयारच असतो, पण पोर्शिया त्याला थांबवते. पैसे भर न्यायालयात नाकारलेस ना, मग आता तुला फक्त करारातलं मांसच मिळेल! शेवटी शायलॉक सगळं सोडून जायला निघतो.

इथे थांबा आणि विचार करा. अँटोनिओ वाचला आहे. शायलॉकची मागणी संपली आहे. त्याचं मुद्दलही बुडालं आहे, म्हणजे 3000 डुकाटची शिक्षा त्याला झालीच आहे. तो दरवाजाकडे वळला आहे. खटला इथे थांबायला हवा होता.

पण पोर्शिया त्याला परत बोलावते. व्हेनिसचा आणखी एक कायदा आहे म्हणे. एखाद्या परक्याने इथल्या नागरिकाचा जीव घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याची अर्धी संपत्ती त्या नागरिकाला, अर्धी सरकारला, आणि त्याचा जीव ड्यूकच्या मर्जीवर. हा कायदा नागरिकांसाठी नाही, फक्त परक्यांसाठी आहे. शायलॉक वर्षानुवर्षं व्हेनिसमध्ये राहतोय, धंदा करतोय, तरी तो नागरिक नव्हे. मघाशी जो कायदा सगळ्यांना सारखा होता, तो एका क्षणात दोन प्रकारचा झाला!

ड्यूक त्याला जीवदान देतो. पण अँटोनिओ अटी घालतो. शायलॉकची अर्धी संपत्ती अँटोनिओ सांभाळेल आणि पुढे ती लोरेंझोला मिळेल. उरलेली संपत्तीही शायलॉकने मृत्यूनंतर जेसिका आणि लोरेंझोच्या नावे करायची. आणि त्याने ख्रिस्ती व्हायचं. हे मान्य नसेल, तर जीवदान परत घेईन, असं ड्यूक बजावतो. शायलॉक म्हणतो, मान्य आहे. बरं वाटत नाही म्हणतो आणि निघून जातो. त्यानंतर तो नाटकात पुन्हा दिसत नाही. दया सक्तीची नसते, असं जिथे थोड्या वेळापूर्वी सांगितलं गेलं, तिथेच एका माणसाचा धर्म सक्तीने बदलला जातो, आणि त्यालाच दया म्हटलं जातं.

तुम्ही दोन गोष्टी विचाराल

पहिली गोष्ट तुम्ही विचाराल ती अशी: शायलॉकने खून करायचा प्रयत्न केला ना? मग शिक्षा नको का? प्रश्न योग्य आहे. तो न्यायालयात खरोखर सुरी परजत होता. अशा माणसाला शिक्षा झाली तर मी तक्रार करणार नाही. पण ती शिक्षा व्हेनिसच्या कोणत्याही माणसाला झाली असती तशीच हवी. तो परका आहे म्हणून वेगळी नको. आणि गुन्हा कितीही मोठा असला, तरी माणसाचा देव बदलणं ही शिक्षा कशी असू शकते?

दुसरी गोष्ट: त्या काळच्या प्रेक्षकांना धर्मांतर ही दयाच वाटत असेल, त्यांच्या मते शायलॉकला मोक्षाचा मार्ग मिळाला. तर आजच्या मापाने जुनं नाटक का मोजायचं? हेही म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण शेक्सपिअरने शायलॉकच्या तोंडी ते भाषण घातलं, गुलामांबद्दलचा तो सवाल घातला, अंगठीचं दुःख घातलं. नुसता खलनायक हवा असता तर याची गरज नव्हती. शंका घ्यायला जागा नाटकातच आहे. आपण ती बाहेरून आणत नाही.

ही शंका मोठमोठ्या न्यायाधीशांनाही आली आहे. घेट्टोला 500 वर्षं झाली तेव्हा, म्हणजे 2016 मध्ये, व्हेनिसमध्येच शायलॉकचं एक काल्पनिक अपील चालवलं गेलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग त्याच्या अध्यक्ष होत्या. निकाल एकमताने लागला. मांसाची अट कोणतंही न्यायालय पाळायला लावणार नाही. शायलॉकची संपत्ती आणि त्याचे 3000 डुकाट त्याला परत. धर्मांतराची अट रद्द. आणि वकील नसताना वकिली करणाऱ्या पोर्शियाने पादुआच्या विद्यापीठात जाऊन कायदा शिकावा! हा अर्थातच नाटकाचा खेळ होता. पण त्यांनी खटला नेमका कुठे आणून थांबवला, ते पाहा. अँटोनिओचा जीव वाचला, शायलॉकचं मुद्दल परत मिळालं, बस्स.

आपल्यासाठी

कर्ज आणि सूड यांत एक मोठा फरक आहे. कर्जाला आकडा असतो, मुदत असते. ते फेडलं की कागद फाडून टाकता येतो. सूडाला आकडा नसतो. अँटोनिओ थुंकला, शायलॉकने सुरी काढली, न्यायालयाने त्याचं घर, पैसा आणि धर्म घेतला. प्रत्येकाला वाटलं, आता हिशेब पूर्ण झाला. पण हिशेब कोणाचाच पूर्ण झाला नाही. गंमत अशी की नाटकाच्या अगदी शेवटी अँटोनिओची तीन जहाजं सुखरूप बंदरात आल्याची बातमी येते. म्हणजे नुसतं कर्जच असतं, तर थोडी वाट पाहून ते सहज फिटलं असतं!

तुम्ही हे वाचताय ते बहुतेक अशा देशात बसून, जिथे तुमचे आईबाबा किंवा आजीआजोबा दुसऱ्या देशातून येऊन राहिले. तुमच्यातल्या काहींकडे तिथलं नागरिकत्व आहे, काहींकडे फक्त व्हिसा आहे. म्हणून 'परका' हा शब्द तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल. एखादं शहर न्यायी आहे का, हे तिथल्या लाडक्या माणसाला कसं वाचवलं यावरून पुरतं कळत नाही. नावडता माणूस खटला हरल्यावर त्याला कसं वागवलं, तेही बघावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी हे नाटक वाचाल किंवा बघाल, तेव्हा रक्ताच्या थेंबाशी टाळ्या वाजवून थांबू नका. पुढची दोन-चार पानं वाचा. शायलॉक दरवाजाकडे वळतो, ती जागा शोधा. आणि तुम्ही ड्यूकच्या खुर्चीत असतात, तर त्याला परत बोलावलं असतं का, ते ठरवा.

विचार करा, बोला, लिहा

1. कर्जाला व्याज नव्हतं, यावरून शायलॉकच्या हेतूबद्दल काय समजतं?
2. अँटोनिओ सज्जन आहे, असं तुम्हाला वाटतं का? दोन कारणं सांगा.
3. खटला कुठे थांबायला हवा होता? लेखकाचं मत तुम्हाला पटत नसेल, तर तुमचं मत आठ-दहा वाक्यांत लिहा.
4. घरातल्या मोठ्यांना विचारा: 'सावकार', 'मुद्दल', 'जामीन', 'तारण' हे शब्द त्यांनी कुठे आणि कोणाकडून ऐकले? त्यांची एखादी आठवण वर्गात सांगा.